'महायुद्धाचा परिच्छेद' आता पुरे

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या, होत असलेल्या आणि नेट-सेटच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला एक परिच्छेद तोंडपाठ असतो. दुसऱ्या महायुद्धाने मानवी मूल्यांचा ऱ्हास झाला, यंत्रसंस्कृतीने माणूस एकाकी झाला, हिरोशिमा-नागासाकीवरच्या अणुबॉम्बने मानवजात मुळापासून हादरली, श्रद्धा कोसळल्या, वैफल्य पसरले आणि ह्या पार्श्वभूमीवर मराठीत नवकाव्य अवतरले. परिच्छेद संपला, मर्ढेकर सुरू. गाइडांत तो आहे, प्राध्यापकांच्या पिवळ्या पडलेल्या टिपणांत आहे, आणि प्रबंधांच्या 'पार्श्वभूमी' नावाच्या पहिल्या प्रकरणात तर हटकून आहे. कोणी कोणाचा उतरवून घेतला हे आता शोधून सापडणार नाही. लोकगीतासारखा तो सगळ्यांचा झाला आहे.

आम्ही तिघे चांदूर बाजार आणि परिसरातल्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो, आणि तिघांनीही हा परिच्छेद पंधरा-सोळा वर्षे इमानेइतबारे सांगितलेला आहे. तेव्हा प्रस्तुत लेखातले पहिले आरोपी आम्हीच, हे आधीच नोंदवून ठेवतो. आरोपपत्र दाखल करायची वेळ आली ती एका पोरामुळे. आमच्यापैकी एकाच्या वर्गात हा परिच्छेद चालू असताना शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे महायुद्ध इकडे आल्तं काय?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि "इकडे नाही आले, पण त्याचे परिणाम आले" असे ठोकून दिले. "कोनते परिनाम जी?" ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. 'वैफल्य' आले असे त्या पोराला सांगण्याची हिंमत झाली नाही. त्याच्या घरी वैफल्य कशाने येते हे आम्हांला ठाऊक आहे, आणि ते काही युरोपातून येत नाही.

त्या दिवसापासून आम्ही हा परिच्छेद उलगडून पाहू लागलो, आणि जसजसे पाहिले तसतसे लक्षात आले की मराठी समीक्षेतले 'दुसरे महायुद्ध' हे ऐकीव युद्ध आहे. ते युरोपातले आहे, आणि तेही तिकडच्या समीक्षकांनी आपल्या वाङ्मयाविषयी जे लिहिले त्यातून उचललेले. लंडनवर रात्रीमागून रात्र बॉम्ब पडले आणि तिथल्या कवीची भाषा मोडली, हे समजू शकते. पण तेच वाक्य कवीचे नाव बदलून मुंबईला लावायचे आणि त्याला 'पार्श्वभूमी' म्हणायचे, हा कुठला न्याय? ज्या युद्धाची झळ मराठी माणसाच्या अंगाला, पोटाला आणि खिशाला लागली ते पूर्वेचे युद्ध, पॅसिफिकचे आणि ब्रह्मदेशाचे, आमच्या परिच्छेदात नाहीच. त्याच्यातून येतात फक्त दोन तारखा: ७ डिसेंबर १९४१ चे पर्ल हार्बर आणि ६ ऑगस्ट १९४५ चे हिरोशिमा. ह्या दोन तारखांच्या मध्ये तेराशेहून अधिक दिवस आहेत. त्या दिवसांत काय झाले, हे विचारण्याचे कुतूहल आम्हां वाङ्मयाच्या माणसांना आजवर झालेले नाही.

त्या दिवसांत रोज विमाने उडत होती. हे वाक्य फार साधे आहे, आणि त्याच्या साधेपणातच आमचा मुद्दा आहे. ब्रिटिश आणि भारतीय हवाईदलाच्या प्रत्येक स्क्वाड्रनला एक नोंदवही ठेवावी लागे. तिच्यात रकाने असत: तारीख, विमानाचा प्रकार व क्रमांक, त्यातली माणसे, काम, उड्डाणाची वेळ, उतरण्याची वेळ, तपशील. तलाठ्याच्या दप्तरासारखी ही वही. पहाटे हवामानाचा अंदाज घ्यायचा, इंधन मोजायचे, वजन मोजायचे, उडायचे, काम करायचे, परतायचे, वहीत लिहायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुणी परतले नाही तर उतरण्याच्या वेळेच्या रकान्यात वेळ नाही, एवढाच फरक. पॅसिफिकमधल्या बेटांवर बुलडोझरने प्रवाळ सपाट करून धावपट्ट्या केल्या गेल्या, एका धावपट्टीच्या पल्ल्यात पुढचे बेट आले की तिथे दुसरी. त्या युद्धाचा निकाल पुष्कळसा आकाशात लागला, आणि तो कुठल्या एका दिवशी नव्हे, रोज थोडाथोडा लागला.

खुद्द हिरोशिमाचेच उदाहरण घ्या. आमच्या परिच्छेदात अणुबॉम्ब आकाशातून आपोआप पडतो, जणू कोसळलेली नियती. वस्तुतः टिनियन नावाच्या एका छोट्या बेटावर चार समांतर धावपट्ट्या होत्या, तिथून बी-२९ जातीची प्रचंड विमाने महिनोन्‌महिने जपानकडे जात होती. ६ ऑगस्टला पावणेतीनच्या सुमारास पहाटेच्या अंधारात निघालेले विमान त्यांपैकीच एका पट्टीवरून उडाले, सुमारे बारा तासांनी परतले आणि वैमानिक जेवायला गेले. त्याच्या पाच महिने आधी, ९-१० मार्च १९४५ च्या रात्री, सुमारे तीनशे बी-२९ विमानांनी टोकियोवर आगीचे बॉम्ब टाकले. एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसे जळून मेली. नवकाव्यावरच्या कुठल्या मराठी गाइडात ही रात्र आहे? आमच्या पाहण्यात नाही. कारण टोकियोच्या रात्रीत नवे शस्त्र नव्हते, नवे युग नव्हते. रोजचेच काम होते, फक्त त्या रात्री ते फार चांगले झाले. आमच्या परिच्छेदाला चमत्कार लागतो. कामाची त्याला ओळख नाही.

आणि गंमत पाहा. यंत्राने माणसाला पुनरावृत्तीत अडकवले, हे मर्ढेकरांच्या कवितेबद्दल आम्ही रोज सांगतो. मग यंत्राने केलेल्या सर्वांत मोठ्या पुनरावृत्तीकडे आमचे लक्ष कसे जात नाही? मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते. युद्धाच्या बातम्या तिथे रोज येणार, रोज वाचल्या जाणार. किती टन, किती विमाने, किती परतली. 'काही कविता' १९४७ साली आली. तिच्यामागे उभी असलेली गोष्ट 'श्रद्धांचा ऱ्हास' ह्या अमूर्त बाबीपेक्षा ही रोजची, निर्विकार स्वरात वाचली जाणारी आकडेमोड अधिक असेल, असे आम्हांला वाटते. हे आम्ही सिद्ध करू शकत नाही. पण निदान हा तर्क तपासून पाहता येतो. 'मानवजात हादरली' हे तपासताच येत नाही.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे. आले होते का इकडे?

आले होते. ज्या सहा विमानवाहू नौकांनी पर्ल हार्बर उद्ध्वस्त केले त्यांपैकी पाच १९४२ च्या एप्रिलमध्ये हिंदी महासागरात होत्या. ५ एप्रिलला कोलंबोवर बॉम्ब पडले, ६ एप्रिलला दुसऱ्या एका जपानी ताफ्यातल्या विमानांनी विशाखापट्टण आणि काकीनाडा गाठले, ९ ला त्रिंकोमाली. मद्रास रिकामे होऊ लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कलकत्त्यावर बॉम्ब पडले. आणि ज्यांना 'इकडे' म्हणजे अगदी इकडेच हवे असेल त्यांनी अकोल्याबाहेर शिवणीला जावे. तिथली धावपट्टी १९४३ सालची आहे. गोंदियाजवळची बिरसीची पट्टीही युद्धकाळातलीच. नागपूरचे सोनेगाव त्या काळात ब्रिटिश हवाईदलाच्या राबत्यात होते. आमचे विद्यार्थी शिवणीवरून एस.टी.ने जातात आणि परीक्षेत लिहितात की युद्धाचे 'पडसाद' मराठी मनावर उमटले. पडसाद कशाला, धावपट्टीच उमटली आहे.

बडनेऱ्याहून हावड्याच्या गाडीत बसले तर दुसऱ्या दिवशी खडगपूर लागते. आमच्या भागातली हुशार मुले आज तिथे आय.आय.टी.ला जातात. १९५१ साली ती संस्था जिथे सुरू झाली ती इमारत म्हणजे हिजलीचा बंदिवास. १९३१ साली इंग्रजांनी तिथे दोन राजबंद्यांना गोळ्या घातल्या. आणि १९४४ साली ह्याच इमारतीत अमेरिकेच्या विसाव्या बॉम्बर कमांडचे मुख्यालय होते. खडगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी इथल्या पट्ट्यांवरून बी-२९ विमाने उडत. ती आधी हिमालय ओलांडून चीनमध्ये जात आणि तिथून जपानवर. जपानच्या मुख्य बेटांवर ह्या विमानांचा पहिला हल्ला १५ जून १९४४ ला यावाटाच्या पोलाद कारखान्यावर झाला, तो ह्याच मार्गाने. एका हल्ल्यापुरते इंधन चीनमध्ये साठवण्यासाठी हिमालयावरून अनेक फेऱ्या माराव्या लागत. आसामातून चीनला रसद नेणाऱ्या ह्या हवाई वाटेने युद्ध संपेपर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल गेला आणि काही शे विमाने डोंगरांत पडली. पुढे १९४५ मध्ये खडगपूरचीच विमाने टिनियनला हलली. हिरोशिमावर गेलेले विमान निराळ्या तुकडीचे होते, हे खरे. पण जपानवर बी-२९ विमानांनी जे केले त्याची सुरुवात आमच्या हावडा लाइनवर झाली, हेही तितकेच खरे. 'हिरोशिमामुळे मराठी कवी हादरला' असे लिहिणाऱ्या समीक्षेला खडगपूर ठाऊक नसावे, ह्याला आम्ही अज्ञान म्हणत नाही. नकाशा न पाहता पार्श्वभूमी लिहिण्याची ही सवय आहे.

पण विमानांखाली मराठी माणूस होता का? ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला सांगशाक नावाच्या टेकडीवर मिळाले आणि ते मिळाल्यापासून तो परिच्छेद पुन्हा उच्चारणे अवघड झाले आहे.

मणिपुरात उखरूलच्या बाजूला सांगशाक हे नागांचे गाव आहे. १९४४ च्या मार्चमध्ये जपानी फौजांनी चिंदविन नदी ओलांडली. त्यांच्या वाटेवर पन्नासावी भारतीय पॅराशूट ब्रिगेड आली, आणि तिच्याबरोबर होती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन. २२ ते २६ मार्च असे हे सैन्य त्या टेकडीवर वेढले गेले. जागा आठशे यार्ड लांब, चारशे रुंद, इतकीच. काटेरी तार नाही. खणायला गेले तर दोन-तीन फुटांखाली खडक. पाणी जवळपास नाही. वर एक चर्च. अन्न, पाणी, दारूगोळा आकाशातूनच येणार होता. डाकोटा विमाने रोज येत, पॅराशूट सोडत, आणि जागा एवढीशी असल्याने त्यांतली बहुतेक टेकडीबाहेर, जपान्यांच्या हातात पडत. एका विमानाने मात्र खूप खाली येऊन नेमका माल टाकला, असे त्या लढाईच्या हकिकतींत येते. २६ च्या रात्री ब्रिगेडला टेकडी सोडून निसटण्याचा हुकूम मिळाला. तोवर शेकडो माणसे कामी आली होती. आणि त्या चार-पाच दिवसांच्या खोळंब्याने कोहिमा आणि इम्फाळ सावरायला वेळ मिळाला.

वाचकहो, क्षणभर त्या टेकडीवर उभे राहा. कोकणातला किंवा साताऱ्याकडचा कुणी एक शिपाई, घसा कोरडा, वर विमान, विमानातून सुटलेली छत्री वाऱ्याने हळूहळू सरकते आहे, आणि तो पाहतो आहे की ती आपली नाही. हे रोज. चार दिवस रोज. 'यंत्रयुगातील माणसाची असहायता' ह्या आमच्या लाडक्या शब्दसंहतीला ह्याहून नेमके चित्र कुठे आहे? आणि ते मराठी माणसाच्या डोळ्यांतले आहे. ते सोडून आम्ही विद्यार्थ्यांना लंडनचे धुके समजावत बसतो.

सांगशाकनंतर इम्फाळ. मार्चअखेर रस्ता तुटला, २२ जूनला तो पुन्हा खुला झाला. मधल्या काळात दीड लाखाच्या आसपास फौज आकाशावर जगली. सुमारे एकोणीस हजार टन माल आणि बाराएक हजार ताजे सैनिक आत आणले गेले, सुमारे तेरा हजार जखमी-आजारी आणि त्रेचाळीस हजार बिनलढाऊ माणसे बाहेर नेली गेली. आराकानच्या लढाईतून एक अख्खा डिव्हिजन, तोफा आणि खेचरांसकट, विमानांनी उचलून इम्फाळच्या लढाईत आणून ठेवला गेला. पावसाळा लागला तरी फेऱ्या थांबल्या नाहीत. तांदूळ दुहेरी-तिहेरी गोणपाटात भरून छत्रीशिवायच खाली ढकलत. रेशमी पॅराशूट पुरेनात तेव्हा कलकत्त्याच्या गिरण्यांतून तागाची पॅराशूट करून घेतली. म्हणजे महायुद्धातला 'यंत्रयुगाचा राक्षस' जवळून पाहिला तर तो गोणपाटाचा निघतो. आमच्या बाजाराच्या दिवशी ज्या गोण्या दिसतात, त्याच.

आकाशात आपली माणसे होती. अर्जनसिंगांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाईदलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेन विमाने घेऊन इम्फाळला होती. त्यांना तिथेच १९४४ च्या जूनमध्ये डी.एफ.सी. मिळाले. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर ब्रह्मदेशाच्या मोहिमेत उडाले आणि १९७६ साली हवाईदलप्रमुख झाले. जमिनीवर, कामठीला १९४२ मध्ये उभी राहिलेली महार रेजिमेंटची दुसरी बटालियन ब्रह्मदेशापर्यंत गेली. दलित साहित्याच्या इतिहासात आम्ही महार पलटणीचा उल्लेख भीमा कोरेगावपाशी करतो आणि मग थेट १९५६ ला येतो. मधल्या ह्या माणसांनी परत येऊन आपापल्या गावात काय सांगितले असेल?

इथे एक जुना वाद अंगावर घ्यायला हवा. 'हे साम्राज्याचे युद्ध. आपले युद्ध ९ ऑगस्ट १९४२ चे. मग इंग्रजांच्या विमानांचे कौतुक कशाला?' आमच्या अमरावती जिल्ह्यात यावली आणि बेनोडा आहे, आम्हांला बेचाळीस शिकवण्याची गरज नाही. उलट बेचाळीसचा अभ्यास करणाऱ्यांनीच आकाशाकडे पाहावे, कारण त्या ऑगस्टमध्ये सरकारने बिहार, बंगाल आणि तालचेर संस्थान इथल्या जमावांवर विमानांतून मशिनगन चालवल्या. जपान्यांसाठी आणलेले विमान आपल्याच माणसांवर वळले. ही गोष्ट साम्राज्याच्या युद्धाला 'आपल्याबाहेरचे' ठरवते की अधिकच आत आणते?

आणि इम्फाळला दोन्ही बाजूंना हिंदी माणसे होती. विश्वास पाटलांच्या 'महानायक'ने (१९९८) हे रणांगण असंख्य मराठी वाचकांच्या ओळखीचे केले. पण आझाद हिंद सेनेवर आम्ही जे बोलतो त्यात आकाश जवळजवळ नसते. असते ते बलिदान, विश्वासघात, दैव. वास्तविक त्या सेनेजवळ आणि तिच्या जपानी मित्रांजवळ रसदीची विमाने नव्हती, एवढ्या एका गोष्टीत तिची अर्धी शोकांतिका आहे. मुतागुचीच्या सैन्याने तीन आठवड्यांचे अन्न घेऊन डोंगर चढायला घेतले. चालतेबोलते अन्न म्हणून गुरांचे कळप बरोबर हाकले. त्यांतली कितीतरी चिंदविन ओलांडतानाच बुडाली. सुमारे पंच्याऐंशी हजारांपैकी तीसेक हजार मेले, आणि त्यांत भुकेने व रोगाने मेलेले फार. खाली भुकेला शिपाई झाडपाला उकळतो आहे आणि त्याच्या डोक्यावरून शत्रूच्या तांदळाची विमाने दर तासाला जात आहेत. ह्याला दैव म्हणायचे की वेळापत्रक? सुभाषबाबूंचा शेवटही, शाहनवाज समिती आणि खोसला आयोग म्हणतात त्याप्रमाणे, १८ ऑगस्ट १९४५ ला तैहोकूला, क्षमतेहून अधिक भरलेल्या एका बॉम्बफेकी विमानाच्या अपघाताने झाला. मुखर्जी आयोगाला ते मान्य नव्हते. तो वाद इथे नको. आम्हांला दिसते ते इतकेच, की आपण ज्या मृत्यूभोवती इतके गूढ रचले, त्याचा अधिकृत वृत्तान्त म्हणजे रोजच्या उड्डाणांतल्या एका अपघाताची नोंद आहे.

आता पोटाची आणि खिशाची गोष्ट. वऱ्हाडात ह्याच्याशिवाय कुठलीही चर्चा अपुरी. कापसाच्या जागतिक बाजारात आमच्या भागातल्या आखूड धाग्याच्या कापसाला 'ऊमरा' म्हणत. उमरावती म्हणजे अमरावती, तिच्यावरून. ह्या आखूड धाग्याचा मोठा गिऱ्हाईक होता जपान. १९४१ च्या जुलैत जपानी मालमत्ता गोठवली गेली, डिसेंबरात युद्ध पेटले आणि तो गिऱ्हाईक गेला. सरकार सांगू लागले, कापूस कमी करा, ज्वारी पेरा, अधिक धान्य पिकवा. म्हणजे हवाईच्या बंदरात बॉम्ब पडण्याच्या आधीच पॅसिफिकचे युद्ध अमरावती-अकोल्याच्या कापूसबाजारात येऊन बसले होते. ह्याला आमच्या परिच्छेदात 'आर्थिक विवंचना' असा अडीच शब्दांचा उल्लेख मिळतो.

त्याच वर्षांत एक शब्द आला. आमच्याकडे रेशनच्या दुकानाला आजही 'कंट्रोल' म्हणतात. "कंट्रोलचे गहू आले काय?" हे वाक्य चांदूर बाजार तालुक्यात कुठल्याही गावी ऐकू येते. हा युद्धाचा शब्द आहे. 'काळा बाजार', 'ब्लॅकआऊट' हेही त्या काळातच मराठीत रुळले. दोन तारखा पाठ करणारा विद्यार्थी दर महिन्याला पिशवी घेऊन महायुद्धाच्या दारात उभा राहतो, आणि त्याला ते कोणी सांगत नाही. भाषाशास्त्राच्या पेपरात शब्दसंग्रहाचे इतके बारीक चर्वण करणाऱ्या आम्हां लोकांनाही हे पोराच्या प्रश्नापर्यंत सुचले नव्हते.

दुसरा आक्षेप सौंदर्यवाद्यांचा, आणि तो अधिक गंभीर आहे. साहित्यकृती स्वायत्त आहे. मर्ढेकरांनी स्वतः सौंदर्यशास्त्रात लय आणि रचना ह्यांना प्राधान्य दिले. मग बाहेरची विमाने मोजून कवितेचे काय आकलन होणार? आम्ही हा आक्षेप पूर्ण मान्य करायला तयार आहोत, एका अटीवर. मग तो परिच्छेदही काढा. 'पार्श्वभूमी' नावाचे प्रकरणच काढा. कवितेपासून सुरुवात करा. पण असे कुणी करत नाही. पार्श्वभूमी हवी, तिचे पाच गुण हवेत, आणि ती कोणी तपासू मात्र नये, कारण तपासायला लागले की 'साहित्यबाह्य' होते! हा सोयीचा सौंदर्यवाद आहे. एका चर्चासत्रात आम्ही सांगशाकचा विषय काढला तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या ज्येष्ठांनी "हा निबंध इतिहासाच्या विभागात वाचायला हवा होता" असे सुनावले आणि पाठोपाठ स्वतःच्या समारोपात महायुद्धोत्तर मूल्यऱ्हासावर वीस मिनिटे बोलले. चहा बरा होता.

तिसरा आक्षेप, मराठीत ह्या युद्धाचे साहित्यच नाही, तर शिकवायचे काय? थोडे आहे; आणि जे आहे ते आम्ही अर्धे वाचतो. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ ची. जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंना घेऊन निघालेल्या बोटीवर ती घडते. आम्ही तिच्यात हिटलर, युरोप, प्रेमाची विफलता शिकवतो. पण ती बोट मुंबईला संपत नाही. चक्रधर उतरतो, हॅर्टाला घेऊन बोट पूर्वेकडे पुढे जाते, ज्या समुद्रावर दोन-अडीच वर्षांत युद्ध पेटणार आहे त्या समुद्रात. चीन आणि जपानमधले युद्ध तर तिकडे १९३७ पासून चालू होते आणि चिनी शहरांवर विमाने बॉम्ब टाकत होती. म्हणजे ही माणसे एका युद्धातून निघून दुसऱ्यात चालली होती. कादंबरीच्या नकाशाचा हा पूर्वेकडचा अर्धा भाग कुठल्या वर्गात फळ्यावर काढला जातो? वि. स. वाळिंब्यांच्या युद्धावरच्या पुस्तकाचे नावच 'वॉर्सा ते हिरोशिमा' आहे. त्यांनी पूर्वेपर्यंत प्रवास केला. आमची समीक्षा वॉर्सालाच उतरून गेली, आणि हिरोशिमाचे फक्त तिकीट तिने जपून ठेवले.

साहित्य कमी आहे म्हणून विषय सोडायचा, हे तर उलटेच तर्कशास्त्र. इतकी माणसे गेली, परतली, इतके शब्द आले, बाजार बुडाले, धावपट्ट्या झाल्या, आणि तरी लिहिले गेले एवढेच का, हाच वाङ्मयेतिहासाचा प्रश्न आहे. पांढरपेशा लेखक सैन्यात गेला नाही, शिपाई लिहिता झाला नाही, आणि रोज होणाऱ्या कामाला आमच्या कथनपरंपरेत जागाच नव्हती. तिला शनिवारवाडा लागतो, पानिपत लागते, एक दिवसाची लढाई लागते. पानिपत एका दिवसात संपते म्हणून तर आम्हांला ते इतके आवडते. तेराशे दिवसांचे काय करायचे हे आम्हांला कळत नाही. दुपारी दोन वाजता उडालेले आणि चार वाजता उतरलेले विमान, ज्यात काहीच घडले नाही, त्याची गोष्ट कोण सांगणार? पण मर्ढेकरांनंतरच्या कवितेने शिकवले असेल तर हेच, की काहीच न घडलेला दिवसही कवितेचा विषय असतो.

आम्ही आमच्यापुरते बदल केले आहेत. परिच्छेद बंद. त्याऐवजी पहिल्या तासाला फळ्यावर नकाशा: बडनेरा, खडगपूर, इम्फाळ, रंगून, टिनियन, टोकियो. मग 'कंट्रोल' ह्या शब्दावर अर्धा तास. मग मुलांना घरी पाठवायचे आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून यायला सांगायचे. त्या काळात मोठी असलेली माणसे आता जवळजवळ उरली नाहीत, हे आम्हांला कळते. आम्ही वीस वर्षे उशिरा आहोत. तरी ऐकीव गोष्टी येतात. एका मुलीने सांगितले, तिच्या पणजोबांच्या घरी सरकी दोन वर्षे विकली गेली नाही आणि बैलांनी खाल्ली. हे कुठल्या वर्षीचे, युद्धाशी त्याचा संबंध होता की नाही, हे तपासायचे आहे.

अंतर्गत परीक्षेत आम्ही प्रश्न घातला: 'नवकाव्यामागील महायुद्धाची पार्श्वभूमी स्पष्ट करा.' प्रश्न जुनाच ठेवला, मुद्दाम. चौतीसपैकी एकतीस पोरांनी तोच परिच्छेद लिहिला. गाइड आमच्याहून बळकट आहे. तिघांनी मात्र निराळे लिहिले. त्यांतला एक शेवटच्या बाकावरचा. त्याच्या उत्तराची सुरुवात "आमच्या गावात कंट्रोल आहे" अशी होती आणि मधे सांगशाकच्या टेकडीवरच्या तहानलेल्या माणसांबद्दल पाऊण पान होते. विद्यापीठीय परीक्षेत हे उत्तर कुठल्या परीक्षकाकडे जाईल आणि तो काय करील, ह्याची आम्हांला कल्पना आहे, म्हणून वर्षअखेरीस तोही परिच्छेदच लिहील अशी भीती वाटते. आम्ही दहापैकी साडेसात दिले. 'असहाय्य' लिहिल्याबद्दल अर्धा गुण कापला.